काचवाल्यांच्या पिकअपचा स्पेसर

मित्रांनो, रस्त्याने जाणाऱ्या गाड्या तुम्ही रोज बघता. त्यांची चाकं बघता, टायर बघता, एखाद्या हौशी माणसाने चाकावर बसवलेल्या चकचकीत टोप्याही बघता. मला मात्र तुम्ही कधी पाहिलं नसेल. मी राहायचो चाकाच्या मागे आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढवतात त्या फिरत्या भागाच्या पुढे, कुणाला दिसणार नाही अशा जागी. मी म्हणजे ॲल्युमिनियमची एक जाड, गोल चकती. मला स्पेसर म्हणतात. चाक थोडं बाहेर सरकवायचं आणि गाडीला जरा पाय फाकवून उभं राहू द्यायचं, एवढंच माझं काम. आता तेही उरलेलं नाही. एका गॅरेजमधल्या बाकावर मी पडून आहे आणि माझं पुढे काय करायचं ते आज ठरणार आहे. ते ठरेपर्यंत माझी हकिगत सांगतो. ऐकून माझा राग आला तर येऊ द्या, मी तक्रार करणार नाही.

माझा जन्म तसा चांगल्या घरचा. मला साच्यात ओतलेलं नाही. एका भरीव ठोकळ्यातून लेथवर फिरवून फिरवून मला घडवलं. लेथ चालवणाऱ्या बाई माझ्या मधलं भोक पुन्हा पुन्हा मापत होत्या. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो. बोटात अंगठी बसावी तसा तो माझ्या भोकात बसायला हवा. तसा बसला की मी बरोबर मध्यावर राहतो आणि चाकही मध्यावर फिरतं. माझं भोक एका मोठ्या, रुंद हबच्या गाडीसाठी कोरलेलं होतं. काम संपल्यावर बाईंनी मला हातात तोलून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, ‘छान उतरलाय. पण ज्याचा त्यालाच बसेल हं.’ त्यातलं ‘छान उतरलाय’ तेवढं माझ्या लक्षात राहिलं.

तिथून मी आणि माझा जोडीदार एका वर्दळीच्या रस्त्यावरच्या दुकानात आलो. दुकानदारीणबाई बोलक्या होत्या. ‘या, बसा’ म्हणण्याआधीच गिऱ्हाइकाच्या गाडीची चौकशी करायच्या. आम्ही चमकत होतो म्हणून त्यांनी आम्हाला खोक्यातून काढून वरच्या फळीवर मांडलं. येणारा-जाणारा थबकायचा, ‘काय माल आहे’ म्हणायचा आणि दुसरंच काहीतरी घेऊन जायचा, कारण आमच्या मापाच्या गाड्या त्या भागात फारशा नव्हत्या. खालच्या फळीवर राखाडी रंगाची एक मळकट जोडी होती. धातू तोच, घडणही तशीच, पण चमक नाही. तिच्याकडे बघून मी मनातल्या मनात हसायचो. दिसतं तसं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एके दिवशी दुकानात काचवाले आले. खिडक्यांना, दारांना, कपाटांना काचा बसवण्याचा त्यांचा धंदा होता आणि सगळा बाजार त्यांना काचवाले याच नावाने ओळखायचा. डोळ्यांवर जाड चष्मा, बोटांवर जुन्या ओरखड्यांचं जाळं, आणि काखेत पुठ्ठ्याचा एक तुकडा. तिरप्या, वेड्यावाकड्या चौकटीचं माप पुठ्ठा कापून घ्यायची त्यांची सवय होती. तसंच आज त्यांनी आपल्या पिकअपच्या मागच्या हबचं माप पुठ्ठ्यावर उतरवून आणलं होतं. मधला उंचवटा, भोवतीचे बोल्ट, सगळं जिथल्या तिथे होतं. इतकं काटेकोर माप घेऊन येणारं गिऱ्हाईक दुकानदारीणबाईंनीही पाहिलं नव्हतं.

‘गाडी आता धाकटी चालवते,’ काचवाले म्हणाले. ‘काचा उभ्या ठेवायला बाजूला लाकडी घोडा लावलाय. वळणावर गाडी झुलते, की काचही झुलते. गाडी जरा रुंद उभी राहिली पाहिजे.’

‘मुलगी घाबरत असेल,’ बाई म्हणाल्या.

‘ती कसली घाबरतेय. घाबरतो मी.’

बाईंनी आधी मळकट जोडी काढली. काचवाल्यांनी पुठ्ठा तिच्यावर ठेवला. बोल्टांची भोकं जुळली आणि मधला गोल तर असा बसला की केसही आत जाणार नाही. काचवाल्यांनी मान हलवली आणि पुठ्ठा उचलून माझ्यावर ठेवला. माझीही बोल्टांची भोकं जुळली, पण मधल्या गोलाभोवती सगळीकडून फट राहिली. ते समाधानाने हसले.

‘हे बरं आहे,’ ते म्हणाले.

‘अहो, पहिली जोडी घ्या की. किती बरोबर बसतेय.’

‘बरोबर बसतेय हीच तर अडचण आहे. बाई, मी जन्मभर काचा बसवतोय. चौकटीत काच कधी घट्ट बसवायची नसते. चारी बाजूंनी जागा सोडायची. ऊन लागलं की काच फुगते. जागा नसेल तर पहिल्याच उन्हाळ्यात तडा.’

‘पण ही काच नाही.’

‘फुगायचं ते सगळंच फुगतं. लोखंडाने काय पाप केलंय?’

मधलं भोक हबवर नेमकं बसलंच पाहिजे, असं माल आणून देणाऱ्याने दुकानदारीणबाईंना बजावलेलं होतं. ‘तसं नसतं हो’ असं त्या एकदा म्हणाल्याही. पण काचवाले इतक्या खात्रीने बोलत होते की बाईंनाच आपल्या ऐकण्याची शंका आली, आणि दाराशी दुसरं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. ‘तुमची मर्जी’ म्हणून त्यांनी आम्हाला फडक्याने पुसलं आणि पिशवीत घातलं. मळकट जोडी पुन्हा खालच्या फळीवर गेली. मित्रांनो, त्या दिवशी मी खूश होतो. हे आठवलं की आज फार वाईट वाटतं.

काचवाल्यांचं घर आणि कामाची जागा एकच होती. पुढे लांबलचक टेबलाची खोली, मागे राहायच्या खोल्या आणि बाजूला अंगण. अंगणात पिकअप उभी राहायची, मागचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे करून. त्यामुळे घरातलं बोलणं माझ्या कानावर आपसूक पडायचं. धाकटीची गोष्ट मला अशीच कळली, आणि ती सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकायची नाही.

धाकटी म्हणजे काचवाल्यांची धाकटी मुलगी. थोरला मुलगा परगावी नोकरीला गेल्यावर त्यांनी एक ड्रायव्हर ठेवला होता. त्याच्या घरी सारखं कुणीतरी आजारी असायचं. एका सकाळी माल जायचा खोळंबला, तेव्हा धाकटीने खुंटीवरची किल्ली घेतली आणि काचा पोचवून आली. तेव्हापासून गाडी तिच्याकडे. हातही तिचा असा की टेबलावर काच ठेवून तिने काच कापायच्या हिरकणीने एक रेघ ओढली की काच त्या रेघेवर सुतासारखी सरळ तुटायची. काचवाले म्हणायचे, ‘माझ्यानंतर या टेबलाची चिंता नाही.’ पण गाडीची बाब वेगळी होती. नातेवाईक विचारायचे, ‘ड्रायव्हर नाही मिळत का?’ गिऱ्हाइकं आधी तिच्याकडे बघायची, मग काचेला कुठे ओरखडा पडलाय का ते शोधायची. आणि खुद्द काचवाले शेजारी बसले की त्यांच्या तोंडाला कुलूप नसायचं. ‘क्लचवरचा पाय काढ. ब्रेक आधी दाब. कुठे बघतेस?’ एकदा धाकटीने भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली, किल्ली वडिलांच्या हातात ठेवली आणि चालत घरी आली. त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. मधल्यामध्ये आईचे हाल. शेवटी एका दुपारी काचवाल्यांनी आपणहून किल्ली तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि पुन्हा तिला टोकायचं नाही असं मनाशी ठरवलं. मला त्यांनी आणलं ते त्यानंतर. तोंडाने ‘तूच चालव’ म्हणायला त्यांना जड जात होतं, ते त्यांनी माझ्याकरवी सांगितलं. धाकटीला ते कळलं. मला हातात घेऊन ती कितीतरी वेळ उलटसुलट करत होती.

‘बाबा, बसवायच्या आधी मिस्त्रींना दाखवू या का?’ तिने विचारलं. मिस्त्री म्हणजे पलीकडच्या गल्लीतले गॅरेजवाले, काचवाल्यांचे जुने दोस्त.

‘मिस्त्री येतो का मला काच कापायला शिकवायला?’

‘तो कशाला येईल?’

‘मग मी कशाला जाऊ?’

ती हसली आणि विषय तिथेच संपला.

मला कसं बसवतात ते थोडक्यात सांगतो. हबचे बोल्ट माझ्या भोकांतून बाहेर येतात आणि त्यांच्यावर नट चढवून मला हबवर आवळतात. माझ्या अंगातून दुसरे बोल्ट निघालेले असतात. त्यांच्यावर चाक चढतं आणि चाकाचे नट वेगळे लागतात. एकदा चाक चढलं की माझे नट त्याच्याआड जातात. ते बघायचे तर चाक काढावं लागतं.

काचवाल्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि मला हबवर धरलं. मग ते थांबले, आत गेले आणि काचेखाली घालायची काळी रबरपट्टी घेऊन आले. उघड्या लोखंडावर काच टेकवायची नाही, मध्ये काहीतरी मऊ हवंच, हा त्यांच्या धंद्यातला नियम. त्यांनी पट्टीचे तुकडे कापले आणि हब आणि मी यांच्यामध्ये मोठ्या मायेने बसवले. नट आवळतानाही त्यांचा हात काचवाल्याचाच होता. जरा जोर लागायला लागला की ते थांबायचे. ‘फार आवळलं की तडकतं,’ ते धाकटीला म्हणाले. मी धातूचा आहे, मला आवळा, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. हबही अस्वस्थ होता. माझ्या भोकात तो असा सैल होता, जसा धाकट्याच्या पायात थोरल्याचा बूट.

तरी सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले, हे मी नाकारणार नाही. गाडी खरंच रुंद आणि ठाम उभी राहिली. वळणावर घोड्यावरच्या काचा पूर्वीसारख्या डुलेनात. काचवाले गिऱ्हाइकांना चाकं दाखवायचे आणि म्हणायचे, ‘धाकटीसाठी करून घेतलंय.’ धाकटी रोज सकाळी चाकाला हात लावून मगच गाडीत बसायची. मी आड होतो, पण तो हात आपल्यालाच लागतोय असं मला वाटायचं. एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

मग रबर दबायला लागलं. भरल्या गाडीचं ओझं, खड्डे, ऊन, यांत ते हळूहळू चपटं झालं आणि काठांतून बाहेर निसटलं. रबर दबलं तशी माझ्या नटांची पकड ढिली पडली. मी मध्यावर कधीच नव्हतो, आता एका जागीही राहीना. चाक फिरताना मी किंचित इकडे, किंचित तिकडे सरकायचो आणि प्रत्येक फेऱ्याला माझ्या भोकांचे काठ बोल्टांवर घासायचे. आधी चढावर, मग सपाट रस्त्यावरही गाडी मागून बारीक थरथरू लागली.

धाकटीला ती थरथर पहिल्या दिवशीच कळली. तिने गाडी थांबवली, पाना काढला आणि चाकाचे नट एकेक करून तपासले. ते घट्ट होते. तिने टायरला लाथ मारून पाहिली, हवा पाहिली. मित्रांनो, ती निष्काळजी नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तिने तपासायचं ते सगळं तपासलं. सैल झालेले नट मात्र चाकाआड होते.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात बसून ती आईला म्हणाली, ‘गाडी मागून थरथरतेय गं.’

‘मग बाबांना सांग.’

‘सांगितलं की म्हणतील, तुझा पाय क्लचवर असतो. झालं, परत ड्रायव्हर येईल. आणि इतक्या हौसेने आणलंय त्यांनी. पहिल्या महिन्यातच नाव ठेवू का?’

‘अगं, पण सांगून तर बघ.’

‘बघते,’ ती म्हणाली. तिने सांगितलं नाही.

पुढे एकदा काचवाले तिच्या शेजारी बसून गेले आणि त्यांनाही थरथर जाणवली. घरी आल्यावर तेही त्याच दारात उभे राहिले. ‘हिचा पाय अजून क्लचवरून निघत नाही,’ ते आईला हळूच म्हणाले. ‘गाडी सगळी थरथरते.’

‘मग तिला सांगा ना.’

‘नको. नाही टोकायचं म्हणून ठरवलंय मी. येईल तिचं तिला.’

आई भाजी निवडत होती. तिने एक सुस्कारा टाकला आणि म्हणाली, ‘तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही? मला गाडीतलं काय कळतंय?’ काचवाले आत गेले. ती माउली बिचारी दोघांच्या मध्ये होती. दोन्हीकडून एकच तक्रार आली होती, पण ही बापलेकीची नेहमीची कुरबुर असेल असं समजून तिने तो विषय सोडून दिला. मी दारापासून चार हातांवर होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी गाडीवर वाचनालयाच्या दर्शनी भागाची काच होती. इतकी मोठी काच त्या घरातून आधी कधी गेली नव्हती. धाकटीने ती स्वतः कापली होती. काचवाल्यांनी घोड्यावर घोंगडी अंथरली, काच उभी केली आणि दोरांनी बांधली. धाकटी चालवायला बसली, काचवाले शेजारी. दोघंही खुशीत होते. पोचवून झाल्यावर कुठे जेवायचं यावर त्यांचा वादही चालला होता.

पुलाच्या आधी रस्ता वळतो. त्या वळणावर माझा एक नट निघून पडला. तो पडल्यावर बाकीच्यांवर सगळा भार आला आणि मी इतक्या जोरात हिसके खाऊ लागलो की दोन बोल्ट तुटले. धाकटीने लगेच वेग कमी केला, हे चांगलं झालं, नाहीतर ही गोष्ट याहून वाईट झाली असती. उरलेले नट सुटले आणि मी चाकासकट हबवरून निघालो. आम्ही घरंगळत जाऊन एका भिंतीला धडकलो आणि आडवे झालो. पुढचं मी जमिनीवरून पाहिलं.

गाडीचा मागचा कोपरा, काचवाले बसले होते त्या बाजूचा, धाडकन खाली बसला. गाडी थोडी फरफटली आणि थांबली. घोडा त्याच बाजूला कलंडला. दोर ताणले गेले, पण तुटले नाहीत. काय झालं ते बघायला काचवाले घाईने उतरले आणि त्यांची नजर गेली ती खाली, चाक होतं त्या जागेकडे. वर काच दोरातून सरकायला लागली होती, ती त्यांना दिसली नाही. धाकटी पलीकडून धावत आली तेव्हा तिला दिसली.

काचवाल्यांच्या घरात मुलांना पहिलं काही शिकवत असतील तर हेच, की पडणारी काच धरायची नाही. हात मागे घ्यायचा आणि काच जाऊ द्यायची. धाकटीला ते कुणी नव्याने सांगायला नको होतं. पण त्या काचेखाली तिचे वडील वाकलेले होते. तिने दोन्ही हात वर केले आणि काच धरली. वडिलांना खांद्याने बाजूला ढकलण्यापुरती तिने ती पेलली, आणि मग काच तिच्या हातात फुटली.

काचवाल्यांच्या अंगावर एक ओरखडा आला नाही. ते रस्त्यावर बसले होते, मांडीवर तिचा उजवा हात घेऊन, आणि आपला शर्ट त्याभोवती गुंडाळत होते. ‘काही नाही, काही नाही,’ असं ते म्हणत होते. कुणीतरी गाडी आणली आणि ते तिला घेऊन गेले. मी भिंतीपाशी पडून राहिलो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि पाहू नये असंच मला वाटत होतं.

मिस्त्रींनी पिकअप ओढून आपल्या गॅरेजात आणली. मला चाकावरून सोडवलं, दुसऱ्या बाजूच्या माझ्या जोडीदारालाही काढलं आणि दोघांना बाकावर ठेवलं. काचवाले आले तेव्हा मिस्त्रींनी बाकाकडे बोट दाखवलं. जोडीदाराच्या पाठीला चिकटलेली रबरपट्टी काचवाल्यांनी नखाने सोलून काढली. ती संत्र्याच्या सालीसारखी पातळ झाली होती आणि काठाला चुरगळली होती. ती तळहातावर घेऊन ते एका टायरवर बसले. काचेचं त्यांचं शास्त्र मुळीच खोटं नव्हतं. काचेला जागा हवी असते, मऊ आधार हवा असतो, हलका हात हवा असतो. पण जे काचेला मानवतं तेच चाकाला द्यायला गेलं की काय होतं, ते त्यांच्या हातात होतं.

‘मला एकदा विचारायचं होतंस रे,’ मिस्त्री शेवटी म्हणाले.

‘धाकटी म्हणाली होती तुला दाखवू या म्हणून,’ काचवाले म्हणाले. ‘मी ते हसण्यावारी नेलं.’

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, म्हणजे आजच, धाकटी इथे आली आहे. हाताची पट्टी निघाली आहे, पण दोन बोटांना स्पर्श कळत नाही. तो परत येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. गाडी तिला चालवता येईल. हिरकणी मात्र बोटांनीच चालवायची असते. किती दाबायचं ते बोटाला कळावं लागतं. परवा तिने टेबलावर रेघ ओढून पाहिली, ती वाकडी गेली. दुसरी ओढली, तीही वाकडी गेली. मग तिने हिरकणी पुसून डब्यात ठेवली. हे काचवाल्यांनी मिस्त्रींना मघाशी सांगितलं, ती येण्याआधी.

धाकटी बाकाशी आली. तिने बऱ्या हाताने माझ्या भोकांच्या चेपलेल्या काठावरून बोट फिरवलं.

‘बाबा, मला कळत होतं,’ ती म्हणाली. ‘गाडी थरथरत होती.’

काचवाले तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, ‘मलाही कळत होतं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘मला वाटलं, तुझा पाय क्लचवर आहे. म्हटलं, टोकलं तर पुन्हा किल्ली हातात देऊन चालायला लागशील.’

‘आणि मला वाटलं, मी बोलले तर तुम्ही म्हणाल, तुझा पाय क्लचवर आहे.’

मिस्त्री उगाचच नटांच्या डब्यात काहीतरी शोधत राहिले. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हती, दोघंही माझ्याकडेच बघत होती. माझ्यावर आजवर पुष्कळ ओझं पडलं, पण त्या नजरांइतकं जड काही नव्हतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी गाड्या येतील. कधी कुणी तुम्हाला माझ्यासारखा स्पेसर दाखवला तर त्याच्या चमकण्यावर जाऊ नका. तो तुमच्याच गाडीसाठी घडवलाय का, ते विचारा. मधलं भोक हबवर नेमकं बसतंय का, ते बघा. फट असेल तर तो कितीही देखणा असला तरी परत करा. हब स्वच्छ घासून तो त्यावर उघडाच बसवा, मध्ये काहीही घालू नका आणि जाणत्या माणसाकडून जोर मोजणाऱ्या पान्याने आवळून घ्या. थोडी गाडी चालली की चाक काढून आतले नट पुन्हा बघा. आणि मुळात त्याची गरज आहे का, हेही विचारा. मिस्त्रींनी आता घोडा उतरवून खाली, हौद्याच्या मधोमध बसवला आहे. गाडी माझ्याशिवायही झुलत नाही. तेवढं आधी केलं असतं तर मला कुणी आणलंच नसतं. मी दुकानातल्या त्या वरच्या फळीवर नुसता चमकत बसलो असतो आणि धाकटीची रेघ आजही सरळ गेली असती.

कुठेतरी माझ्या मापाची एक गाडी असेल, याची मला अजून हुरहुर वाटते. पण आता तिलाही माझा उपयोग नाही. माझी भोकं लांबट झाली आहेत. उद्या भंगारातून कुणी मला उचलायचा, पुसून चमकवायचा आणि तिसऱ्याच्या चाकाआड बसवायचा. म्हणून काचवाल्यांनी मिस्त्रींना सांगितलं, की दोघांनाही मधून कापून टाक, कुणाच्याच गाडीला लागायला नकोत. हे योग्यच आहे. माझी काही हरकत नाही.

मिस्त्रींनी मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आहे. करवतीचं पातं माझ्या कडेवर टेकलं आहे.

‘थांब जरा,’ काचवाले म्हणाले. ते धाकटीकडे वळले. ‘तुला काय वाटतं? कापू या?’

मिस्त्रींचा हात थांबला. धाकटी वडिलांकडे बघत राहिली. असा प्रश्न त्यांनी तिला आजवर कधी विचारला नव्हता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने नुसती मान हलवली नाही, तोंडाने सांगितलं.

‘कापा, बाबा.’